रोड बाइकसाठी स्वस्त आणि टिकाऊ चाकं कोणती घ्यावीत?

मागच्या चाकाच्या तारा सारख्या तुटतायत, आऊट काढला (वाकडं फिरणारं चाक सरळ केलं) तरी टिकत नाही आणि बजेट बेताचं, असा तुमचा प्रश्न. मग पहिलं म्हणजे दोन्ही चाकं बदलू नका. पुढचं धड असेल तर राहू द्या, पैसे मागच्यावर घाला. वजन आणि पेडलचा जोर तेच सोसतं.

कमी तारांची दिखाऊ चाकं नकोतच. ३२ तारा, डबल वॉल (दुहेरी भिंतीची) अ‍ॅल्युमिनियम रिम म्हणजे बाहेरचं कडं, साधं हब म्हणजे मधला तुंबा. एखादी तार तुटली तरी रखडत का होईना घरी पोचता. शिमानोच्या टियाग्रा किंवा १०५ या मॉडेलचं हब आणि डीटी स्विसची आर ४६० रिम, हातानं विणून घेतलेली, ही माझी पसंती. या हबात सुटे छर्रे असतात. कोन (छर्रे दाबून धरणारे नट) उघडायचे, पुसायचे, ग्रीस भरायचं. तयार चाक हवं तर शिमानो आरएस१००: जड आहे, पण दणकट.

मापं मात्र तपासा. रिम ब्रेकच्या बहुतेक रोड फ्रेममध्ये मागे १३० मिमी रुंदीचं हब लागतं, थ्रू अ‍ॅक्सलच्या (आरपार जाणाऱ्या आसाच्या) डिस्क ब्रेकवाल्यांत १४२. शिमानोच्या ११ स्पीड बॉडीवर (हबाच्या ज्या भागावर गिअर बसतात त्यावर) ८ किंवा ९ स्पीडची कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचा संच, चढवायची तर तिच्या मागे १.८५ मिमीचा वॉशर टाकावा लागतो, नाहीतर ती खडखडते.

विणणारा कारागीर तारा नीट बसाव्यात म्हणून शेजारच्या दोन-दोन तारा मुठीत धरून करकचून आवळतो का, तेवढं बघा. आवळत नसेल तर दुसरा शोधा.