साहेबांना मेल टाकण्याआधी एकदा स्टोअरला जाऊन ये

भावा, अकाउंट्सला लागून तुला पाच महिने झाले. सगळे तोंडावर गोड बोलतात पण कागद वेळेवर देत नाहीत, स्टोअरवाले फोन उचलत नाहीत, आणि तू केलेला तक्ता सिनियरनं मीटिंगमध्ये स्वतःचा म्हणून दाखवला. साहेबांना मेल टाकू का, असं विचारलंयस. माझं मत : आत्ता नको.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, अकाउंट्समध्ये २१ वर्षं काढलीत. २०१८ ला ई-वे बिल, म्हणजे गाडीतून माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, सुरू झालं तेव्हा आमच्या डिस्पॅचच्या मामांशी माझं रोज वाजायचं. बेळगावची गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, माल ५०,००० च्या वरचा म्हणजे ई-वे बिलाशिवाय गाडी हलवता येत नाही, आणि ते बिल करायला लागणारी मामांची वजनाची चिठ्ठी यायची संध्याकाळी साडेसहाला. मुद्दाम करतात, अशी माझी खात्रीच झालेली.

एक दिवस तणतणत चार वाजता डिस्पॅचला गेलो आणि तिथंच थांबलो. फेटलिंगवरून, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथून, कास्टिंग यायलाच पाच वाजले. मग इन्स्पेक्शनची सही, मग वजनकाटा. वजन झाल्याशिवाय मामा लिहिणार तरी काय? घामानं भिजलेला कागद धरून तो माणूस काट्यापासून ऑफिसपर्यंत पळत यायचा आणि वर माझी बोलणी खायचा. मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ठरवलं, पार्टीचं नाव, गाडी नंबर आणि आयटम मामांनी चारलाच सांगायचं, मी बिल तयार ठेवायचं, वजन तेवढं फोनवर. भांडण तिथंच मिटलं. मामा रिटायर झाले तरी अजून दर जोतिबाच्या यात्रेला फोन करतात.

म्हणून सांगतो, स्टोअरला फोन करू नको, जाऊन ये. माल उतरतो कधी, मोजतं कोण, आवक नोंद कुणाच्या सहीसाठी अडते, हे उभं राहून बघ. आणि तुझी अडचणही त्यांना सांग. ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, हे तुला पाठ आहे, स्टोअरच्या माणसाला कोण सांगणार? "लवकर द्या" म्हटलं की त्याला कटकट वाटते. "५ तारखेपर्यंत नोंदी मिळाल्या तर सप्लायरची बिलं या महिन्यात बसतात, नाहीतर त्याचं पेमेंट अडतं आणि तो तुमच्याच डोक्यावर येऊन बसतो" म्हटलं की पटतं.

तक्त्याचं मात्र सोडू नको. सिनियरला एकटं गाठून शांतपणे सांग, "दादा, तो तक्ता मी केलेला, तेवढं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं." चारचौघांत नको, माणूस दुखावला की कायमचा तुटतो. पुढच्या वेळी मीटिंगच्या आदल्या दिवशीच तक्ता सगळ्यांना तुझ्या मेलवरून जाऊ दे. दुसऱ्यांदा तेच झालं, तर मग साहेबांकडे बेलाशक जा.

आणि टपरीवर चहाला गेलास की जो तिथं नाही त्याच्याबद्दल बोलू नको. आमच्याकडं गेटवर बोललेलं दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्या शॉपमध्ये पोचतं.

तुमच्यात आवक नोंदीवर सही कोण करतं, तेवढं कळव. बऱ्याच ठिकाणी घोडं तिथंच अडलेलं असतं.