हँडल उंच केलं, आता ब्रेक लागेना

प्रश्न : सर, गाडीला उंच हँडल टाकलं. डिस्क ब्रेकचा जुना ऑइल पाईप ताणला जात होता म्हणून लांब पाईप आणून घरीच बसवला. तीनदा एअर (पाईपमधली हवा) काढली, ब्रेक ऑइलची अख्खी बाटली संपली, तरी लिव्हर ग्रिपला टेकतो, दोनतीनदा पंप केलं की मगच ब्रेक धरतो. गॅरेजवाले म्हणतात मास्टर सिलिंडर (हँडलवरचा, लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा पंप) गेला. बदलू का? गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही.

उत्तर : थांबा, एवढ्यात पैसे घालवू नका. पंप केल्यावर लिव्हर कडक होतोय म्हणजे बहुतेक आत हवाच आहे. मास्टरचे रबरी सील गेले असते तर दाबून धरलेला लिव्हर हळूहळू आत सरकत गेला असता, ते एकदा बघून घ्या.

आता पाईप बघा. लांब पाईप बऱ्याचदा मास्टरमधून निघून आधी वर कमान करतो आणि मग खाली जातो, आणि हवा बसते नेमकी त्या कमानीत. तुम्ही खाली चाकाजवळच्या कॅलिपरच्या (डिस्क पकडणाऱ्या भागाच्या) निप्पलातून, म्हणजे हवा काढायच्या छोट्या नळीतून, कितीही काढा, हवा वरच जाणार ना! बँजो बोल्ट (पाईप मास्टरला जोडणारा पोकळ बोल्ट) ढिला करून पाईप असा फिरवा की तो मास्टरपासून सरळ उतरत जाईल, बोल्टच्या दोन्ही बाजूंचे वॉशर मात्र नवीन टाका, जुने दाबलेले असतात, तिथूनच गळतं. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि फोर्क (पुढचे शॉकअप) दाबून बघा, पाईप कुठे ताणला जात नाही ना, टायरला घासत नाही ना.

मग मास्टर सगळ्यात वर येईल असं हँडल वळवा, त्याच्या ऑइलच्या टाकीचं झाकण नुसतं वर ठेवा आणि लिव्हर जेमतेम अर्धा इंच, हळूहळू दाबत राहा. पाईपवर पान्याने टकटक करा. टाकीत बारीक बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत कंटाळायचं नाही (मी एकदा चहा दोनदा गरम केलाय). शेवटी खाली निप्पल : लिव्हर दाबून धरा, निप्पल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा परत आत. आणि मास्टरची टाकी रिकामी होऊ दिली तर पहिल्यापासून सुरुवात!

ऑइल मास्टरच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, बहुतेक डॉट ४, आणि सीलबंद बाटलीतलं, कारण उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी ओढते. पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो. एवढं करूनही लिव्हर मऊ राहिला तर रात्रभर ग्रिपला बांधून ठेवा, सकाळी परत बघा. रस्त्यावर काढायच्या आधी गाडी ढकलत ब्रेक लावून बघा.