शुगी ओटिस ऐकायला बसण्यापूर्वी
फंक हे अमेरिकन कृष्णवर्णीयांचे ठेकेप्रधान संगीत म्हणजे केवळ नाचायचा ठेका, असे मनात धरून अमेरिकन गिटारवादक-गायक शुगी ओटिसचा १९७४ सालचा ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ हा अल्बम लावाल, तर पहिल्या बैठकीत निराश व्हाल. विशीतल्या या तरुणाने गिटार, बेस, ऑर्गन, ड्रम अशी बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवली. तरी तो अल्बम फारसा खपला नाही आणि २००१ मध्ये ‘टॉकिंग हेड्स’ बँडचे गायक डेव्हिड बर्न यांच्या लुआका बॉप या रेकॉर्ड कंपनीने तो पुन्हा काढला, तेव्हा कुठे नव्या रसिकांनी कान टवकारले. हेडफोन लावून ‘आट अ माय हेड’पासून आरंभ करावा: ठेका देणाऱ्या यंत्राची (ड्रम मशीनची) बारीक टिकटिक चालू असते आणि तिच्यावर ऑर्गन अलगद तरंगतो. तबकडीची दुसरी बाजू बहुतांशी वाद्यसंगीताची आहे. मला तीच अधिक प्रिय आहे, पण तिथे घाईने जाऊ नये.