विम-पायथन प्रश्नोत्तरे: मोजायचं कुठून आणि कशात

विम संपादकाच्या विंडो पायथनमधून हाताळणाऱ्यांच्या प्रश्नांत दर वेळी तोच घोळ असतो: मोजणीचा. कोडमधली नावं इथे देवनागरीत आहेत; टाइप मात्र रोमन लिपीतच करायची आहेत.

प्रश्न: विम.विंडोज[१] लिहिलं की पहिलीऐवजी दुसरी विंडो का मिळते?

पायथनची यादी शून्यापासून सुरू होते, विमचे विंडो-क्रमांक एकपासून.

प्रश्न: दुसऱ्या टॅबमधल्या विंडो या यादीत दिसत नाहीत. बग आहे का?

नाही. विम.विंडोज नेहमी चालू टॅबपुरतंच असतं. सगळ्या विंडो हव्या असतील तर विम.टॅबपेजेस वर फिरा आणि प्रत्येक टॅबचं .विंडोज वाचा. दुसऱ्या टॅबमधल्या विंडोचं .नंबर शून्य येऊ शकतं, म्हणून क्रमांकावर विसंबू नका. विंडोचा ऑब्जेक्टच (पायथनला मिळालेली ती वस्तू) हाताशी ठेवा.

प्रश्न: शोधलेल्या शब्दावर कर्सर नेतो. इंग्रजी मजकुरात बरोबर बसतो, मराठीत भलतीकडेच जातो. फॉन्ट बदला असं सांगतात. कोणता घेऊ?

फॉन्टचा इथे काडीचा संबंध नाही. ही अफवा कुणी सोडली कोण जाणे, पण ती ऐकून लोक आठवडाभर फॉन्ट बदलत बसतात.

विंडोचं .कर्सर म्हणजे दोन आकड्यांची जोडी: ओळ आणि स्तंभ. ओळ एकपासून मोजतात, स्तंभ शून्यापासून. त्यात बफर, म्हणजे विंडोत उघडलेला मजकूर, शून्यापासून मोजतात: विंडो.बफर[०] ही पहिली ओळ, म्हणजे कर्सर ७ व्या ओळीवर असेल तर मजकूर बफर[६] मध्ये. इथवर बहुतेक जण सावरतात. पाय घसरतो तो पुढे: स्तंभ अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये मोजला जातो. पायथन ३ ची स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) मात्र कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडमधली सुटी चिन्हं, मोजते, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइट घेतो.

'मराठी भाषा' ही ओळ घ्या. 'मराठी'त म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असे ५ कोड पॉइंट, म्हणजे १५ बाइट, वर एक मोकळी जागा. पायथनच्या फाइंड ने 'भाषा' शोधलं तर उत्तर ६ येतं. कर्सरला हवे असतात १६. तुम्ही ६ दिलेत की कर्सर जातो 'रा'च्या कान्यावर. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं असल्यामुळे तिथे चूक झाकली जाते.

उपाय एका ओळीचा आहे: शोधलेल्या जागेपर्यंतचा तुकडा कापा, त्यावर .एनकोड('यूटीएफ-८') चालवून त्याचे बाइट करा आणि त्याची लांबी स्तंभ म्हणून द्या. उलट दिशेने येताना आधी ओळ एनकोड करा, बाइट कापा, मग डीकोड करा. स्तंभ ओळीबाहेर गेला तर विम तो निमूटपणे आत ओढतो, एरर देत नाही. म्हणून चूक महिनोन्महिने दडून राहते. ओळ क्रमांक चुकला तर निदान लगेच बोंब होते.

विंडोची .विड्थ तिसऱ्याच मापात असते: पडद्यावरच्या रकान्यांत. ओळ विंडोत मावते का हे पायथनच्या लेन ने पाहू नका, विमच्या स्ट्रडिस्प्लेविड्थ ला विचारा. जोडाक्षरं पडद्यावर कशी उमटतात हे टर्मिनलवरही अवलंबून असतं, तेव्हा रकाने जुळत नसतील तर टर्मिनलची माहितीपुस्तिका आधी पाहा.

प्रश्न: आमची पायथन २ ची जुनी स्क्रिप्ट मराठीतही बरोबर चालते. बदलायलाच हवी का?

हो, आणि पूर्वीच बदलायला हवी होती. पायथन २ चा आधार २०२० च्या सुरुवातीलाच संपला. तुमची स्क्रिप्ट बरोबर चालते ती योगायोगाने: तिथली साधी स्ट्रिंगच बाइटची होती. पायथन ३ वर आणताच वरचा घोळ उगवेल. आधी विममध्ये हॅज('पायथन३') चं उत्तर १ येतं का पाहा. सामायिक सर्व्हर असेल तर त्याच्या व्यवस्थापकाशी बोलून घ्या.

प्रश्न: .हाइट = १० दिलं, पण नवी विंडो उघडताच सगळ्या सारख्या होतात. रिड्रॉ टाकून पाहिलं.

रिड्रॉ पडदा पुन्हा रंगवतो, मापं बदलत नाही. इक्वलऑलवेज हा पर्याय मुळातच चालू असतो, तो विंडो समान करतो. आधी विंडो उघडा, मग उंची द्या, मग विंडो.ऑप्शन्स मध्ये विनफिक्सहाइट चालू करा. प्लगइन (विमला जोडायची स्क्रिप्ट) दुसऱ्यांसाठी असेल तर इक्वलऑलवेज परस्पर बंद करू नका. ती वापरणाऱ्याची पसंती आहे, त्याला विचारा.

प्रश्न: विंडो बंद करायची मेथड सापडत नाही.

नाहीच. विम.करंट.विंडो ला ती विंडो द्या आणि विम.कमांड('क्लोज') चालवा. अनेक बंद करायच्या असतील तर आधी यादीची प्रत काढा आणि प्रत्येकीचं .व्हॅलिड तपासा. शेवटची विंडो क्लोज ने बंद होत नाही. बफर मागे राहतो, तो वेगळा विषय.

प्रश्न: विंडो बदलली की दुसरी प्लगइन जागी होतात. काय करू?

विम.करंट.विंडो ला विंडो दिली की नेहमीचे ऑटोकमांड, म्हणजे ठरावीक घटनेवर आपोआप चालणाऱ्या आज्ञा, सुटतात. काम एखाद्या आज्ञेपुरतं असेल तर विन_एक्झिक्यूट हे फंक्शन वापरा, विम ८.१ च्या नंतरच्या पॅचमध्ये ते आलं. नाहीतर इव्हेंटइग्नोर हा पर्याय 'ऑल' करा, पण जुनं मूल्य पायथनच्या फायनली मध्ये (एरर आली तरी चालणारा भाग) परत ठेवा. मध्येच एरर आली आणि ते राहून गेलं तर संपादकातले सगळे ऑटोकमांड मुके होतात, आणि दोष भलत्याच प्लगइनला लागतो. कोणतं प्लगइन कशावर अवलंबून आहे हे त्याच्या लेखकालाच विचारा.

प्रश्न: 'स्मार्ट लेआउट'चं विकतचं पॅकेज घ्यावं का?

आधी सोर्स मागा. आत स्प्लिट (विंडो विभागणारी आज्ञा), .हाइट आणि .विड्थ एवढंच निघालं तर ते तुम्हीही लिहू शकता.

प्रश्न: दुसऱ्या थ्रेडमधून (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यातून) विंडोची उंची बदलली की विम कधीकधी कोसळतो.

बदलू नका. थ्रेडने उत्तर रांगेत टाकावं. विमच्या टायमर_स्टार्ट ने मुख्य थ्रेडवरून ते उचला.