नात माद्रिदची, बारसं सांगलीत

प्रश्न : मुलगा माद्रिदला असतो, सून तिथलीच. पहिली नात झालीय, बारसं इथं सांगलीत करायचंय. सूनबाईला स्पॅनिश नाव हवंय, आमच्या मनात जुई आहे. दोन्हीकडं चालेल असं काय ठेवावं?
– एक आजी, विश्रामबाग

उत्तर : आजी, अभिनंदन! जुई गोडच आहे हो, पण स्पॅनिशमध्ये इंग्रजी जे घशातून ख सारखा म्हणतात, म्हणजे शाळेत पोरीची खुई होणार, आणि एच तर उच्चारतच नाहीत त्यामुळं हेमाची एमा होते. मला विचाराल तर अनिता नाहीतर सरिता ठेवा, तिकडं आना आणि सारा या नावांची ही लाडकी रूपं आहेत आणि आपल्याकडं तर घरोघरी, जुनी वाटली तरी कानाला अजून छान लागतात. माया पण चालेल. जुई घरात हाक मारायला राहू द्या की!

एक मात्र सांभाळा, स्पेनमध्ये दोन नावं लावता येतात आणि आडनावं पण दोन, वडलांचं नि आईचं. आपल्या सवयीनं फॉर्मवर मधे बापाचं नाव लिहिलं तर ते पोरीचंच दुसरं नाव धरतील. आणि आत्यानं कानात कुर्र करायच्या आधी सूनबाईकडनं नाव दोनचारदा मोठ्यानं म्हणवून घ्या.