सोलर कुकर तापत का नाही? आणि इतर प्रश्न

प्रश्न : घरी प्लायवूडचा सोलर कुकर बनवला. आत काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा ट्रे, भोवती थर्मोकोल, वर एक काच, एक आरसा. मार्चच्या कडक उन्हातही पारा ८५ अंशांपुढे जात नाही, भात कच्चा राहतो. काय चुकलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ऊन पुरेसं शिरतंय, पण उष्णता आत टिकत नाही. आधी थर्मोकोल काढा. एवढ्या उष्णतेत तो मऊ पडून आक्रसतो. ट्रेला टेकलेल्या बाजूने बघा, खळगे पडलेले दिसतील. त्याऐवजी तळाला आणि चारही बाजूंना ५ सेंमी ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरा, पण चेपून नको. उष्णता अडवते ती त्याच्या तंतूंत अडकलेली हवा, आणि चेपलं की तीच निघून जाते. भरताना हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा.

एका काचेने भागणार नाही. ३ किंवा ४ मिमीच्या दोन काचा लावा, मध्ये दीड सेंमी अंतर ठेवा. चौकटीत त्या घट्ट ठोकू नका, कडेला २-३ मिमी मोकळीक हवी. तापलेली काच पसरते आणि जागा नसेल तर तडकते. दोन काचांच्या मध्ये दव धरलं तर सांध्याचं सील गेलंय असं समजा.

आता झाकण. कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. ती सहज सरकली, तर गरम हवा तिथूनच निसटतेय. तिथे सिलिकॉन रबरची पट्टी लावा. असं चारही कडांना तपासा, कारण बिजागरीची बाजू हमखास राहून जाते.

ट्रेचा रंग चकचकीत असेल तर तो काही ऊन परतवतो. मॅट काळाच हवा. रंग दिल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन दिवस, कुकर रिकामाच उन्हात तापू द्या. डबे पातळ, पसरट आणि झाकणासकट बाहेरून काळे असावेत. भिजवलेली डाळ आणि भात साडेदहाला ठेवले, तर स्वच्छ उन्हात साडेबारा-एकपर्यंत शिजतात. मध्येच झाकण उघडून बघायचा मोह आवरा, कारण दर वेळी जमलेली उष्णता जाते आणि वेळ वाढतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून अर्ध्या तासाने पेटी फिरवा. आरशाची चमक पूर्ण काचेवर पडली की दिशा बरोबर. फोडणी आणि पोळी मात्र या पेटीत होणार नाही, तेवढं तापमान ती गाठत नाही.

प्रश्न : सोलर कुकर हा अलीकडचा शोध आहे का? (विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : नाही. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये काचेच्या पेट्यांत उष्णता कोंडण्याचे प्रयोग सुरू केले, आणि नंतरच्या एका पेटीत पाणी उकळण्यापेक्षा जास्त तापमान गाठलं. आपल्याकडे मुंबईत विल्यम ॲडम्स यांनी आरशांनी ऊन एकवटून अन्न शिजवलं, वाफेचं इंजिनही चालवलं. या प्रयोगांवरचं त्यांचं पुस्तक १८७८ चं. मुंबईच्या उन्हातला हा प्रयोग शाळेत शिकवायला हवा असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : गच्चीवरच्या पॅनेलच्या खालच्या कडेवर कठड्याची वीतभर सावली पडते आणि वीज एकदम घटते. एवढ्याशा सावलीने? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पॅनेलमधले सेल (उन्हापासून वीज करणारे चौकोनी तुकडे) एकामागोमाग एक जोडलेले असतात. एक झाकला गेला की त्या ओळीतून जाणारा प्रवाहच अडतो, पाइप एका जागी दाबल्यासारखा. सहसा तीन बायपास डायोड असतात आणि प्रत्येक जण आपल्या एक तृतीयांश सेलना वगळून प्रवाह पुढे नेतो. जुन्या पद्धतीचं पूर्ण सेलचं पॅनेल उभं लावलं असेल, तर खालच्या कडेची सावली तिन्ही भागांना गाठते. तेच आडवं लावलं तर एकच भाग जातो. अर्ध्या सेलच्या नव्या पॅनेलमध्ये, म्हणजे सेल अर्धे कापून वर-खाली दोन गटांत जोडलेल्या पॅनेलमध्ये, उभं लावूनही वरचा अर्धा भाग चालू राहतो. स्टँडची उंची वाढवता येत असेल तर तो उपाय सगळ्यात सोपा. डिसेंबरात सकाळी ९ आणि दुपारी ३ वाजता सावली कुठवर येते ते खडूने आखून घ्या आणि मगच वेल्डरला बोलवा.