फोर्ट कोचीला पहिल्यांदा जाताय?

एक दिवस पुरेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एर्नाकुलमहून टॅक्सी न करता बोटीनं जा. बंदर समजायला ते पाण्यावरूनच बघावं लागतं. मासेमारीची चिनी जाळी सगळे संध्याकाळी बघतात. मी म्हणेन पहाटे जा, गर्दी नसते आणि दगडांच्या वजनावर जाळं वरखाली कसं होतं ते नीट दिसतं.

सेंट फ्रान्सिस चर्चमधली वास्को द गामाची कबर रिकामी आहे बरं का! १५२४ साली त्याला इथं पुरलं, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले.

शक्यतो बिएनालेच्या (दर दोन वर्षांनी होणाऱ्या कलाप्रदर्शनाच्या) वर्षी, डिसेंबर ते मार्चमध्ये जा. २०१२ पासून अ‍ॅस्पिनवॉल हाउससारख्या मालाच्या जुन्या वखारींत हे प्रदर्शन भरतं. सगळं बघायचा हट्ट धरू नका, पाय बोलायला लागतात. मी तर अर्धा वेळ कलाकृती सोडून छपराच्या तुळयाच बघत होतो.

शेजारच्या मट्टनचेरीसाठी शनिवार टाळा, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बंद असतं. तिथला ‘डच पॅलेस’ मुळात पोर्तुगीजांनी बांधलेला. आतली रामायणाची भित्तिचित्रं सावकाश बघा. मसाल्याच्या गल्लीत मात्र पहिल्याच दुकानात पाकीट उघडू नका.